अंगभर बांधलेला डबा

विहिरीत पोहायला शिकलेल्या माणसाला वेटसूट म्हणजे काय हे सांगायला अर्धं मिनिट पुरे. पाठीला बांधलेला तो पत्र्याचा हवाबंद डबा आठवा. घरात डबा नसला तर वाळलेला भोपळा. तो बांधला की बुडायला टेकलेलं अंग वर यायचं, नाकातोंडात पाणी कमी जायचं आणि काठावरून ढकलून देणाऱ्या काकांवरचा राग जरा निवायचा. ट्रायथलॉनवाल्यांचा वेटसूट हा तोच डबा. फक्त तो रबरी आहे, मानेपासून घोट्यापर्यंत अंगभर पसरलाय, आणि त्याची किंमत ऐकली तर काका पुन्हा एकदा कुणाला तरी ढकलतील.

पोहा, सायकल चालवा, धावा, असा हा तिहेरी खेळ. त्यात सायकलीवर लाखभर उडवून झालेला माणूस वेटसूटपाशी येतो तेव्हा खिसे झटकत असतो. स्वस्तातला चालेल का, हा त्याचा पहिला प्रश्न. चालेल. का चालेल ते पुढे येतंच, पण मधे थोडं भटकू.

गोव्याला निघालात? राहू द्या मग

सगळ्यात स्वस्त वेटसूट म्हणजे न घेतलेला. गोव्यात २०१९ साली ‘आयर्नमॅन ७०.३’ ही ट्रायथलॉन शर्यत पहिल्यांदा झाली. मिरामारच्या किनाऱ्यावरून १.९ किलोमीटर समुद्रात पोहायचं, मग ९० किलोमीटर सायकल, मग २१.१ किलोमीटर धावणं. तिथल्या पाण्यात पाय घातला की कळतं, हे अंघोळीचं पाणी आहे. अशा कोमट समुद्रात रबरी सूट घालून जोर लावणं म्हणजे प्रेशर कुकरमध्ये बसून व्यायाम करणं. नियमही तिथे वेटसूट घालू देत नाहीत. कोल्हापूरच्या राजाराम तलावात होणाऱ्या ट्रायथलॉनसाठीही कुणी गरम कपडे शोधत बसत नाही.

वेटसूटचा विषय निघतो तो विमानाचं तिकीट काढल्यावर. हॅम्बुर्ग, कोपनहेगन, कझाकस्तानातलं अस्ताना. पुण्या-मुंबई-कोल्हापूरकडची मंडळी पूर्ण अंतराच्या आयर्नमॅनसाठी हल्ली अशा ठिकाणी जातात. तिथे ३.८ किलोमीटर पोहायचं, आणि आपण ज्याला गार म्हणतो त्याच्याही खालचं पाणी. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने अंगातली ऊब ओढून घेतं. म्हणून २० अंशांची हवा म्हणजे महाबळेश्वर, पण २० अंशांचं पाणी म्हणजे दातावर दात.

अणुबॉम्बवाल्या माणसाचा कपडा

वेटसूटची कल्पना एका भौतिकशास्त्रज्ञाची. ह्यू ब्रॅडनर. दुसऱ्या महायुद्धात अणुबॉम्बच्या मॅनहॅटन प्रकल्पात काम केलेला हा माणूस १९५१ च्या सुमारास कॅलिफोर्नियात बर्कलीला होता, आणि पाण्याखाली पोहणाऱ्या नौसैनिकांना थंडीपासून कसं वाचवायचं याचा विचार करत होता. तोवर सगळ्यांचा आटापिटा पाणी आत येऊ न देण्यासाठी चाललेला. ब्रॅडनरने उलटं धरलं. अंग ओलं झालं तर होऊ दे. ऊब धरून ठेवायला कोरडेपणा लागत नाही, अडकलेली हवा लागते. रबराच्या फेसात कोट्यवधी बंद बुडबुडे असतील तर ते थंडी अडवतील, आत शिरलेलं पाणी कोमट होऊन गप्प बसेल.

म्हणून नाव वेटसूट. ओला कपडा. आणि ते जे सगळे सांगतात ना, की आतल्या पाण्याच्या थरामुळे गरम राहतं, ते अर्धवट. खरं काम बुडबुड्यांचं. पाण्याने फक्त फार ये-जा करू नये, एवढंच. गळ्याशी सैल सूट म्हणूनच कुचकामी. प्रत्येक हाताबरोबर आतलं कोमट पाणी बाहेर आणि बाहेरचं गार पाणी आत.

ब्रॅडनरला पेटंट काही मिळालं नाही. नाव आणि पैसा कमावला तो बर्कलीसमोरच्या खाडीच्या पलीकडे, सॅन फ्रान्सिस्कोत १९५२ साली सर्फिंगचं दुकान थाटणाऱ्या जॅक ओनीलने, आणि खाली लॉस एंजेलिसच्या बाजूला ‘बॉडी ग्लव्ह’वाल्या मिस्ट्रेल जुळ्या भावांनी. पहिला वेटसूट कुणाचा, यावरून पुढे बरीच वर्षं हुज्जत चालली. कागदपत्रं ब्रॅडनरच्या बाजूने बोलतात. जाहिरात मात्र ओनीलला जमली: प्रदर्शनांत तो आपल्या पोरांना वेटसूट घालून बर्फाच्या पाण्यात बसवायचा. पोरं हसत असली की सूट विकला जायचा. (आपल्याकडे आजीने त्याला तिथल्या तिथे सुनावलं असतं.) १९७१ मध्ये सर्फबोर्डच्या दोरीने घात केला, त्याचा डावा डोळा गेला आणि तेव्हापासून त्याच्या डोळ्यावर चाच्यासारखी काळी पट्टी आली. २०१७ मध्ये वयाच्या ९४ व्या वर्षी गेला, तोवर ती पट्टी त्याची ओळखच होऊन बसली होती.

त्या काळातले सूट चढवायला पावडरचा डबा लागायचा. आतून कापडाचं अस्तर नव्हतं, उघडं रबर अंगाला चिकटायचं. जुन्या फोटोंत पाणबुड्यांच्या अंगावर पिवळे पट्टे दिसतात, ती नक्षी नव्हे. शिवणी उसवू नयेत म्हणून वरून चिकटवलेली टेप आहे ती.

दगडापासून कपडा

वेटसूटचं रबर म्हणजे निओप्रीन. १९३० साली ड्यूपाँ कंपनीत वॉलेस कॅरदर्सच्या हाताखाली हे सापडलं. हाच कॅरदर्स पुढे नायलॉनचा बाप. निओप्रीन गाजलं ते तेलाला दाद देत नाही म्हणून. नळ्या, वॉशर, पट्टे यांसाठी. आणि आज त्याच निओप्रीनच्या सूटबरोबरच्या चिठ्ठीत कंपन्या बजावतात की व्हॅसलीन लावू नका, सूट खराब होईल. सोयरीक अशी मोडते! चिकटवलेल्या जोडांची आणि वरच्या लेपाची ती काळजी असते. मानेला चोळायला खेळाडूंसाठीची वेगळी कांडी मिळते, ती घ्या. मानेमागे वळ उठला की दुसऱ्या दिवशी शर्टाची कॉलरसुद्धा शत्रू वाटते.

चांगल्या सूटच्या जाहिरातीत ‘यामामोटो’ हे नाव दिसतं. ही ओसाकाची कंपनी, आणि तिचं निओप्रीन चुनखडीपासून बनतं. चुनखडीपासून कार्बाइड, कार्बाइडपासून ॲसिटिलीन, तिथून पुढे रबर. म्हणजे ज्या दगडापासून भिंतीचा चुना होतो, त्याच दगडाचा भाऊबंद तुमच्या खांद्यावर ताणला जातो. याला ‘पर्यावरणस्नेही’ म्हणून विकतात तेव्हा मात्र भुवया उंचावाव्यात. भट्ट्या काही फुंकरीने पेटत नाहीत. खरोखर निराळी वाट म्हणजे झाडाच्या चिकापासूनचं रबर, ज्याकडे पॅटागोनिया कंपनीने २०१६ मध्ये आपले पूर्ण सूट वळवले.

यामामोटोच्या पुढे आकडा असतो, ३८, ३९, ४०. आकडा मोठा म्हणजे माल भारी, अशी समजूत करून घेऊन लोक पैसे मोजतात. ३९ हे तरंगण्यासाठी नावाजलेलं, ४० हे ताणलं जाण्यासाठी. तुम्हाला काय हवंय, ते आधी ठरवा.

कच्च्या पोहणाऱ्याची लॉटरी

इथे थांबून नीट सांगायला हवं, कारण सगळा हिशेब इथेच आहे.

ट्रायथलॉनसाठी म्हणून खास बेतलेला पहिला सूट १९८७ चा. डॅन एम्पफील्ड या अमेरिकनाने क्विंटाना रू नावाची कंपनी काढली (नाव मेक्सिकोतल्या एका राज्याचं) आणि सर्फरच्या सूटला पोहणाऱ्याचा सूट केलं. बाहेरून गुळगुळीत, खांद्याला पातळ, पायाला जाड. दोनच वर्षांनी हॉलंडमधले संशोधक हुब तूसां यांनी मोजून पाहिलं, तेव्हा सेकंदाला १.२५ मीटर या वेगाला पाण्याचा अडथळा सरासरी १४ टक्क्यांनी घटलेला निघाला. थंडीची गोष्ट मागेच पडली. लोक वेगासाठी सूट घालू लागले.

आता गंमत पाहा. अडथळा घटतो कशाने? मुख्यतः शरीर वर उचललं जाऊन आडवं होतं म्हणून. ज्याचं अंग आधीच पाण्यावर फळीसारखं पडतं, त्या मुरलेल्या पोहणाऱ्याला यातून फार काही मिळत नाही. ज्याचे पाय नांगरासारखे खाली जातात, त्याला घबाड. महागड्या सायकलीचा फायदा घ्यायला मांड्यांत ताकद लागते, महागड्या बुटांचा फायदा घ्यायला वेग लागतो. वेटसूट ही या खेळातली एकमेव वस्तू असेल, जी नवशिक्याला चॅम्पियनपेक्षा जास्त देते.

आणि त्याहून मोठी गंमत किमतीत. सूट साधारण दीड-दोनशे डॉलरपासून सुरू होतात आणि हजाराच्या पलीकडे जातात. वरचे आठशे डॉलर जातात कुठे? बहुतेक खांद्यात. महाग सूटमध्ये खांदा नि हात दीड मिलिमीटर किंवा त्याहून पातळ, मऊ, ताणला जाणारा. हजारो वेळा हात फिरवताना दमणूक कमी. तरंगायचं काम मात्र छाती-मांड्यांवरचं ४-५ मिलिमीटरचं जाड रबर करतं, आणि ते स्वस्त सूटमध्येही असतं. नियमाने ५ मिलिमीटरच्या वर कुणालाच जाता येत नाही, कोट्यधीश असला तरी. डबा सगळ्यांचा सारखाच मोठा! काही महाग सूट तर पट्टीच्या पोहणाऱ्यांसाठी मुद्दाम कमी तरंगणारे करतात. पाय बुडणाऱ्याने तसला घेतला तर जास्त पैसे देऊन कमी डबा घेतल्यासारखं होईल.

खांदे अवघडतात, त्याचाही एक स्वस्त तोडगा आहे: बिनबाह्यांचा सूट. दंड मोकळे, पाय तरंगलेले, किंमत कमी. पाणी फार गार नसेल तर पहिल्या खेपेला तो उत्तम. वेगात पूर्ण बाह्यांचा सूट पुढे राहतो, हे खरं. पण खांदा आखडून तिसऱ्या बोयापाशी हाशहुश करत थांबणाऱ्याला त्या वेगाचं काय करायचंय?

चोरबाजारातला मोह

सर्फिंगचा किंवा स्कूबाचा सूट स्वस्तात मिळतोय, तो घ्यावा का? नको. सर्फिंगच्या सूटला बाहेरून कापड असतं, ते पाणी पितं आणि पाण्याला घासतं. स्कूबाचा सूट जाड नि ताठ. त्यात फ्रीस्टाइलचा हात फिरवणं म्हणजे गोधडी पांघरून लाटणं फिरवणं.

वापरलेला ट्रायथलॉनचा सूट मात्र खुशाल पाहा. युरोप-अमेरिकेत हे सूट भाड्याने मिळतात, आणि हंगाम संपला की भाड्याचे सूट विकायला निघतात. रंग बदलला म्हणून मागच्या वर्षीचा माल उतरतो, तोही तेव्हाच. मित्र तिकडे असेल तर ऑक्टोबरमध्ये फोन करा. इकडे मागवायचा झाला तर कस्टम ड्युटी आधी विचारा, नाहीतर स्वस्त सूट विमानतळावर महाग होतो.

जुना सूट हातात आल्यावर तो उजेडाकडे धरून शिवणी पाहा. रबर चिमटीत दाबून सोडा. चटकन फुगून पूर्ववत झालं तर आतले बुडबुडे जिवंत आहेत. कडक, सुरकुतलेला, मऊपणा गेलेला असेल तर त्यातली हवा गेलेली, म्हणजे डब्याला भोक. चंद्रकोरीच्या आकाराच्या चिरा दिसतील, त्यांना घाबरू नका. त्या नखांच्या असतात आणि निओप्रीनच्या गोंदाने भरतात.

आणि वास घ्या. सर्फर आणि पाणबुडे यांच्यात एक जुना विनोद आहे: जगात दोन प्रकारची माणसं असतात, वेटसूटमध्ये लघवी करणारी आणि खोटं बोलणारी. वापरलेला सूट घरी आणल्यावर पहिला विधी बादलीभर पाण्याचा, एवढंच सुचवतो.

अंगात शिरण्याची कुस्ती

मी पहिल्यांदा वेटसूट घातला तो एप्रिलमध्ये, पुण्यात, पंख्याखाली. पंख्याचा उपयोग शून्य. वीस मिनिटांनी मी घामाने निथळत होतो आणि चेन पोटावर आली होती. चेन पाठीवर असते. हे बहुतेकांचं पहिल्यांदा होतं असं नंतर समजलं, पण त्या क्षणी घरच्यांच्या हसण्यापुढे त्याचा काही उपयोग नव्हता.

तर युक्ती अशी. पायात प्लास्टिकची पिशवी घाला, मग सूटच्या पायात पाय सरकवा, लोण्यासारखा जातो. पिशवी काढून दुसऱ्या पायाला. हातांनाही तेच. नखं कापलेली असू द्या, आणि ओढायचं ते नखांनी नाही, बोटांच्या पेरांनी, चिमूट चिमूट करत वर. जांघेत एक इंचसुद्धा मोकळी जागा राहिली तर ती सगळी पुढे खांद्याला खेचते आणि माणूस म्हणतो, सूट घट्ट आहे. सूट घट्ट नसतो, तो खाली राहिलेला असतो. आधी खाली नीट बसवा, मग वर.

जमिनीवर तो आवळतोच. आरशात बघून ‘एक साइज मोठा घेऊ’ असं वाटतं, तिथेच लोक फसतात. पाण्यात गेल्यावर तो सैलावतो. मोठ्या सूटमध्ये पाठीच्या पन्हळीत तांब्याभर पाणी घेऊन पोहावं लागतं. कंपनीचा उंची-वजनाचा तक्ता पाहा आणि त्यावर विश्वास ठेवा. फक्त गळा तपासा. श्वास अडतोय असं वाटलं तर तो सूट सोडा, कितीही स्वस्त असो. गार पाणी, शर्यतीची धाकधूक आणि आवळलेला गळा एकत्र आले की चांगला पोहणाराही घाबरतो. पहिली फेरी छातीभर पाण्यात, कुणीतरी सोबत असताना. पाण्यात उतरल्यावर गळ्याची कड बोटाने ओढून थोडं पाणी आत घ्या, सूट अंगावर नीट बसतो.

घरी आल्यावर गोड्या पाण्यात विसळा, पिळू नका, सावलीत वाळत घाला. आणि दांडीवर कमरेत दुमडून टाका. हँगरला खांद्यावर टांगलात तर खांदे ओघळतात, शिवाय रात्री गॅलरीत उभा असलेला बिनमुंडक्याचा काळा माणूस पाहून वॉचमन शिट्टी मारतो.

कुकरमध्ये शिजवलेला सूट

२०१८ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी एक साधा वेटसूट दाबाच्या टाकीत, झेनॉन किंवा क्रिप्टॉनसारख्या जड वायूत, दिवसभर ठेवला. बुडबुड्यांतली हवा बाहेर गेली, जड वायू आत गेला. जड वायू ऊब पुढे पोचवायला आळशी. १० अंशांच्या खालच्या पाण्यात माणूस तग धरू शकेल तो वेळ सुमारे तिप्पट होईल, असा त्यांचा हिशेब निघाला. परिणाम वीसेक तास टिकतो, मग पुन्हा कुकर. त्याआधी २०१६ मध्ये त्याच संस्थेत बीव्हर या प्राण्याच्या केसांवरून केसाळ रबर करून पाहिलं होतं, केसांत हवा अडकावी म्हणून. केसाळ वेटसूट घालून कोपनहेगनला कुणी उतरलेलं माझ्या तरी पाहण्यात नाही.

सोलणारे लोक

घालायला वीस मिनिटं लागणारा सूट शर्यतीत मात्र अर्ध्या मिनिटात उतरवायचा असतो, कारण पुढे सायकल उभी असते. धावता धावता चेनची दोरी ओढायची, कमरेपर्यंत उतरवायचा, आणि आत पाणी आहे तोवर पायातून उडवायचा. अमेरिकेतल्या कित्येक शर्यतींत यासाठी स्वयंसेवक असतात. तुम्ही गवतावर पाठीवर पडायचं, पाय वर करायचे, दोघं जण घोट्यापाशी धरून एका हिसक्यात सूट ओढतात. मक्याचं कणीस सोलतात तसं. आतला पोहण्याचा कपडा त्याबरोबर जाऊ नये म्हणून कमरेला हात धरून ठेवण्याची प्रथा आहे.

अनुभवी लोक नवीन कोऱ्या सूटचे पाय खालून कात्रीने इंचभर कापतात. घोटा मोठा, भोक लहान, म्हणून. पहिल्यांदा बघताना काळजात चर्र होतं.

डबा न बांधणारे

इंग्लिश खाडी पोहायची तर वेटसूट चालत नाही. पोहण्याचा साधा पोशाख, टोपी, चष्मा, अंगाला ग्रीस. पुण्याच्या रोहन मोरेने जगातल्या सात अवघड सामुद्रधुनी अशाच पार केल्या आणि २०१८ मध्ये न्यूझीलंडची कुक सामुद्रधुनी पोहून ‘ओशन्स सेव्हन’ पूर्ण करणारा पहिला आशियाई ठरला. वेटसूटच्या किमतीवरून कुरकुर करताना हे नाव आठवलं की मी गप्प बसतो.

आणि मग तो थर्मामीटर

सूट घेतला, कापला, सराव केला, सामानात भरून सात समुद्रांपार नेला, तरी घालायला मिळेलच असं नाही. आयर्नमॅनमध्ये पाणी २४.५ अंशांपर्यंत असेल तर हौशी खेळाडूंना वेटसूट चालतो. त्याच्या वर २८.८ पर्यंत घालता येतो, पण बक्षिसावर पाणी सोडून. त्याहून गरम असेल तर बंदी. ऑलिंपिक अंतराच्या शर्यतीत, म्हणजे दीड किलोमीटर पोहण्यात, हौशींसाठी २२ अंशांपासून बंदी लागते आणि व्यावसायिकांसाठी २० पासूनच. उलट पाणी १५.९ किंवा त्याहून गार असेल तर हौशींना सक्तीच.

हॅम्बुर्गला २०१८ मध्ये तर पाण्यात शेवाळं इतकं माजलं की पोहणंच रद्द झालं आणि त्याऐवजी लोकांना धावायला लावलं. सगळे सूट पिशवीत.

एरवी ठरतं ते शर्यतीच्या दिवशी पहाटे. पंच मंडळी पाण्यात ६० सेंटिमीटर खोल थर्मामीटर सोडतात आणि काठावर काळ्या कपड्यांतली, पिशव्या नि पावडरी घेऊन आलेली माणसं भोंग्याकडे कान लावून उभी राहतात. विहिरीवर काका न सांगता गाठ सोडायचे. इथे निदान लाउडस्पीकरवरून सांगतात की डबा काढा.